बंद कान आणि मास्तरचा अंगठा

खरं सांगा, भर दुपारी एखादा कामकरी माणूस झोकांड्या खाताना दिसला, की तुमच्या मनात पहिलं काय येतं? उपाशी असेल, आजारी असेल, हे येतं? की हात नाकाशी जातो आणि तोंडातून निघतं, "टाकून आलाय वाटतं"?

उत्तराची घाई नको. आधी सुरतेतल्या बमरोलीच्या निंबा चिंधाची गोष्ट ऐका, मग स्वतःलाच उत्तर द्या.

निंबा मूळचा खानदेशातल्या पारोळ्याकडचा, घरची बोली अहिराणी. एकवीस वर्षांचा असताना सुरतेत आला आणि लूमच्या खात्यात शिरला. लूम म्हणजे यंत्रमाग; ते चालतात त्या शेडला इथं खातं म्हणतात. आज त्याचं वय सत्तेचाळीस. गल्लीत सगळे त्याला निंबाआप्पा म्हणतात. अंगाने काटकुळा, नाक मोठं आणि राग त्या नाकाच्या शेंड्यावर कायम ठेवलेला. खात्यात त्याच्याकडे बारा लूम. सहा इकडे, सहा तिकडे, मधून एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. त्या वाटेवर तो रोज बारा तास येरझाऱ्या घालतो.

बाहेरचा माणूस खात्यात आला तर दोन मिनिटांत कान दाबून पळतो. सगळा एकच खडखडाट. निंबाला मात्र त्यात बारा वेगवेगळे आवाज ऐकू यायचे. चार नंबर खोकतो, नऊ नंबर जरा लंगडतो, अकरा नंबर नव्या सुनेसारखा दबकत चालतो. एखाद्याचा ताल किंचित बदलला की पाठ फिरलेली असतानाही निंबाचा हात तिकडे जायचा. धागा तुटायच्या आधी त्याला कळायचं. नवे कारीगर विचारायचे, "आप्पा, कसं काय ओळखलं?" तो म्हणायचा, "तुझी बायको रागावली का हसली, हे भांड्यांच्या आवाजावरून ओळखतोस का नाही? तसंच."

तर हा माणूस कानाने पोट भरायचा. हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. त्या खडखडाटात कोणी कोणाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नाही. सगळा कारभार खुणांवर. धागा तुटला, दोन बोटांची कात्री. चहा आला, तळहाताची बशी करून ओठांपाशी. शेठ आला, मिशीला पीळ. शेठला मिशी नाही, पण खूण त्याच्या बापापासून चालत आलेली. आणि कोणी डोकं मागे टाकून अंगठा तोंडाकडे नेला, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

आता तिसरी गोष्ट, हेमराजची. हेमराज म्हणजे निंबाचा पाठचा भाऊ. गुजरातेत दारूबंदी आहे, हे पाटीवर. गल्लीच्या तोंडाशी मात्र संदीप नावाच्या माणसाचं बाकडं होतं आणि त्या बाकड्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या. हेमराज त्या पिशव्यांनी गेला. तीन वर्षं कणाकणाने गेला, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. त्याचं सगळं काढलं ते निंबाच्या बायकोने, ज्योतीने. तेराव्याचं जेवण उरकल्यावर ज्योती उठली, शेजारच्या अठरा-वीस बायका घेतल्या, पुढे निंबाला उभं केलं, आणि ते बाकडं उचलून सगळ्यांनी मिळून खाडीत टाकलं. संदीपने शिव्या दिल्या, धमक्या दिल्या. निंबा म्हणाला, "माझ्या तोंडाला कधी वास आला तर तू तुझं बाकडं परत मांड. तोवर ह्या गल्लीत नाही."

असं बोलून बसला होता तो. चारचौघांत. चार वर्षं झाली, बाकडं आलं नाही.

आता सर्दीकडे येऊ.

उत्तरायणाला, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीला, लेक पूजाच्या हट्टापायी निंबा दिवसभर गच्चीवर होता. वारा गार, नाक वाहायला लागलं. सर्दी काय, सगळ्यांनाच होते. पाच-सहा दिवसांत नाक सुकलं, घसा मोकळा झाला, पण जाता जाता ती सर्दी कानात जाऊन बसली. उजवा कान असा गच्च झाला की जणू कोणी आतून बूच मारलंय. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमायचं, दुसऱ्याचं भिंतीपलीकडून यायचं. आणि बुधवारी सकाळी अंथरुणातून उठला तर छत एका बाजूला आणि भिंत दुसऱ्या बाजूला. दोन्ही हातांनी जमीन धरून बसला.

"ओ पूजाना बाप, काय व्हयनं?" ज्योती चुलीपासून धावत आली. गॅस येऊन वीस वर्षं झाली, तरी ती त्याला चूलच म्हणते.

"काही नही. डोकं गरगर फिरस. कान बंद शे."

"मंग आज खाडा करा."

"खाडा कसाले? पाय तुटना का मन्हा?"

मग घरगुती उपाय सुरू झाले. ज्योतीने लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं. कान आणखी बंद. ओवा तव्यावर भाजून, कापूर घालून फडक्यात पुरचुंडी बांधली आणि हातात दिली, "हुंगत ऱ्हा." खात्यात गोपाल होता, शेजारच्या बारा लूमचा कारीगर, निंबाचा वीस वर्षांचा दोस्त. त्याने गेटबाहेर इलाज सांगितला, "नाक दाब, तोंड बंद कर, आणि फुंक जोर लावून. फट्ट करून उघडतो." निंबाने कुठलं काम कधी हलक्या हाताने केलं नाही. अशी काही फुंक मारली की कानात सुरी फिरल्यासारखी कळ गेली आणि पुढचा सगळा तास समोरचा रस्ता बोटीसारखा डोलत राहिला.

"उघडला का?" गोपालने विचारलं.

"तुझं डोकं उघडतो आता," निंबा म्हणाला.

बुधवारी तो गेटवरूनच घरी परतला. गुरुवारी खात्यात गेला तो हट्टानेच. पण आत पाय ठेवल्यावर पहिल्यांदा त्याला भीती वाटली. बारा लूम चालू होते आणि त्याला एकही ओळखू येत नव्हता. सगळा नुसता चिखल. जसा नव्या माणसाला ऐकू येतो तसा. सव्वीस वर्षांची कमाई एका सर्दीने नेली की काय?

पण निंबा रडत बसणाऱ्यांतला नाही. त्याने चार नंबरच्या लोखंडावर तळवा टेकवला. थरथर हातात आली. आणि त्या थरथरीत खोकला होता! तोच, चार नंबरचा. निंबा मनाशी हसला. मग एकेका लूमला हात लावत निघाला. नऊ नंबर लंगडत होता, अकरा दबकत होता. कानाने नाही तर हाताने, पण सगळे सापडले. सात नंबरला हात ठेवला तर थरथर जरा वेगळी लागली; वाकून बघतो तर धागा अर्धा झिजलेला, आता तुटेल की मग तुटेल. वेळेवर सांधला. असा फुगला गडी!

त्या आनंदात चुकला. सात नंबरहून एकदम मागे वळला, मान झटक्याने फिरली, आणि खातं उलटं झालं. पाय एकीकडे गेला, खांदा दुसऱ्या लूमवर आदळला. त्याने लोखंड घट्ट धरलं, डोळे मिटले, आणि मुठीतली ओव्याची पुरचुंडी नाकाशी नेली. एक खोल श्वास घेतला.

हे सगळं जिन्यावरून चेतन मास्तर बघत होता.

चेतन मास्तर म्हणजे खात्याचा देखरेख्या, तिशीतला गुजराती. माणूस वाईट नाही, पण खुर्ची नवी आणि चष्मा त्याहून नवा. त्याने काय पाहिलं? एक कारीगर लूम धरधरून चाललाय, झोक जातोय, आणि मुठीत काहीतरी लपवून तोंडाला लावतोय. खाली उतरून विचारायला वीस पायऱ्या लागल्या असत्या. तेवढे कष्ट कोण घेणार? त्याने तिथूनच हात हलवून शेजारच्या कारीगराचं लक्ष वेधलं, निंबाकडे बोट केलं, डोकं मागे टाकलं आणि अंगठा तोंडाकडे नेला.

खुणेची एक गंमत असते. बोललेलं चार जण ऐकतात, दाखवलेलं सगळे बघतात. चाळीस कारीगरांच्या चाळीस माना निंबाकडे वळल्या. कोणी दात काढले. कोणी डोळे मोठे केले. एकाने तर हाताने लाट काढून दाखवली, निंबा कसा डोलतोय ती. निंबाने डोळे उघडले तेव्हा सगळं खातं त्याच्याकडे बघत होतं, आणि जिन्यावर मास्तरचा अंगठा अजून खाली आला नव्हता.

त्याला ऑफिसात बोलावलं. दार लावल्यावर आवाज कमी झाला. चेतनने एक कागद पुढे सरकवला.

"सही कर दे, निंबाभाई. सवारे कामावर ये. मी शेठला नाय सांगत."

"काय लिहिलंय?"

"अरे, नॉर्मल छे."

"वाचून दाखव."

चेतनने वाचलं. दारू पिऊन कामावर आलो, चूक झाली, परत होणार नाही.

"मास्तर," निंबा म्हणाला, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याच्याच डोक्यात मडक्यातल्यासारखा घुमला, म्हणून तो आणखी जोरात बोलला, "मी सर्दीने आजारी आहे. कान बंद आहे. चक्कर येते. हा ओवा. हुंग. आणि हे माझं तोंड. हेही हुंग."

"मी कशाला हुंगू?"

"अंगठा दाखवताना नाक कुठं होतं तुझं? चल, पोलीस बोलाव. त्यांचं यंत्र असतं, त्यात फुंकतो. जोरात फुंकायची मला आता सवय आहे."

पोलीस म्हटल्यावर चेतनचा चेहरा उतरला. दारूबंदीच्या राज्यात खात्यात पोलीस आले म्हणजे आधी शेठचीच चौकशी.

"गरम नको होऊ. छोटी गोष्ट आहे. एक सही."

"छोटी आहे ना? मग तूच कर सही, की मी तोंड न हुंगता आरोप केला."

"ए निंबाभाई, लिमिटमें. लिहून दिल्याशिवाय कामावर यायचं नाय."

"लिहूनच आणतो," निंबा म्हणाला. "पण मी नाही, डॉक्टर लिहील."

आणि तो निघाला. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात लोक. पण ही म्हण ज्याने केली त्याला चक्कर येत नसणार. गेटपासून गल्लीपर्यंतचा रस्ता निंबाने भिंतीला हात लावत काढला, आणि प्रत्येक झोकाला त्याला वाटलं, आता हेही कोणीतरी बघतंय.

बघत होतंच. फोन माणसाच्या आधी पोचतात. गल्लीच्या तोंडाशी संदीप उभा होता, दात कोरत.

"काय निंबाआप्पा! तब्येत बरी शे ना?"

निंबा थांबला नाही.

"नही म्हनं, तुम्हीच बोलेल व्हतात ना, तोंडाला वास उना तर बाकडं मांड. मंग रविवारपासून मांडस मी. नवं बनवाडेल शे, सनमायकाचं."

निंबाचा हात शिवशिवला. पण हात उगारला तर तोल जाईल, आणि संदीपसमोर तोल गेला तर सगळंच गेलं. त्याने भिंत सोडली नाही. तो फक्त म्हणाला, "रविवारी ये. मी इथंच आहे."

घरी ज्योती दारातच होती. तिलाही कळलं होतं. ती जवळ आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तोंडाशी नाक नेलं. हुंगलं.

निंबाच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या खात्याने अंगठा पाहिला तेव्हा आलं नव्हतं.

"तूबी?"

"तीन वरीस हेमराजभाऊनं तोंड हुंगं मी," ती म्हणाली. "सवय शे नाकाले. आते मी सांगू शकस. मी हुंगेल शे, वास नही. भांडाले जावाना आधी हुंगं, कोणी इचारं तर खोटं सांगानं काम नको." आणि मग तिचा आवाज चढला, निंबापेक्षा दुप्पट. "त्या मास्तरना अंगठा मी मोडस! चला डॉक्टरकडे!"

शुक्रवारी सकाळी सरकारी दवाखान्यात तीन तास रांगेत बसून त्यांचा नंबर लागला. कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती, नेहा नावाची, नाशिककडची. मराठी ऐकून निंबाला जरा बरं वाटलं. तिने कानात दिवा घालून पाहिलं.

"आत तेल कोणी ओतलं?"

ज्योती छताकडे बघायला लागली.

"काका, दारू घेता का?"

निंबा ताडकन उठला, आणि चक्कर येऊन तितक्याच ताडकन बसला. "तुम्हीबी, बाई?"

"सगळ्यांना विचारते. रागावता काय? राग आला की मान झटकता, मान झटकली की चक्कर. बसा शांत." ती हसली. मग समजावून सांगितलं. नाकाच्या मागून कानापर्यंत एक बारीक नळी जाते. तिच्यातून कानाच्या पडद्यामागे हवा खेळते. सर्दीने नळीचं तोंड सुजलं, हवा बंद झाली, पडदा आत ओढला गेला, मागे थोडं पाणी साचलं. म्हणून दडा. आणि शरीराचा तोल सांभाळायचं यंत्रही कानातच, आणखी आत बसवलेलं. ते बिथरलं की पाय बरोबर पडत नाहीत.

"म्हणजे लूमचा बीम, सुताचा रूळ, एका बाजूला ढिला झाला," निंबा म्हणाला. "मग कापड वाकडं निघणारच."

"अगदी तसंच. आता ऐका. कानात तेल नाही, काडी नाही, पिन नाही. नाक दाबून जोराने फुंकायचं तर मुळीच नाही."

"गोपालला सांगतो," निंबाने दात आवळले.

"आवंढा गिळा, जांभई द्या, काहीतरी चघळत राहा, त्याने नळी उघडते. वाफ घ्या, नाक मोकळं राहील, पण भाजून घेऊ नका. पाणी प्या. उठताना आधी कुशीवर, मग बसायचं, मग थोडं थांबून उभं राहायचं. चक्कर आली की एका जागी नजर लावा. गोळ्या देते. बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत उतरतं. नाही उतरलं तर परत या. आणि एकदम ऐकू येणं बंद झालं, कानातून पू आला, ताप चढला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं."

"आणि काम?"

"सात दिवस नाही."

"सात? बाई, माझी अब्रू—"

"चालू लूममध्ये पडलात तर अब्रू नाही, हात जाईल."

हरायची निंबाला सवय नाही, म्हणून त्याने उलट मागणी केली. "मग हे सगळं लिहून द्या. गुजरातीत. मोठ्या अक्षरात."

बरा होणारा माणूस घरी बसला की घराचे हाल. पहिला दिवस निंबाने कुशीवर वळायला शिकण्यात घालवला. चक्कर आली की समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचं. ज्योती म्हणायची, "एवढं मन्हाकडे कधी देखं नही." जेवताना चावायचा आवाज डोक्यात धडधडायचा, म्हणून पोरीवर खेकसायचा; पूजा दहावीला, तीही तेवढ्याच जोरात परत खेकसायची. आपली गाडी रुळावर आहे याची त्यातून सगळ्यांना खात्री पटायची.

मग रविवार उजाडला.

सकाळी नवाच्या सुमारास संदीप दोन माणसांच्या डोक्यावर सनमायकाचं नवंकोरं बाकडं घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला, आणि जागेवर थबकला. जुन्या बाकड्याच्या बरोबर जागेवर एक प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्चीत कोणीतरी टॉवेल डोक्यावर घेऊन बसलं होतं. टॉवेलखालून वाफ निघत होती. शेजारी विटांवर पातेलं, पातेल्याशी ज्योती. भिंतीवर चिकटपट्टीने डॉक्टरचा कागद.

टॉवेल बाजूला झाला. आत निंबाचा लालबुंद, घामेजला चेहरा.

"ये संदीप," तो म्हणाला. "तूच म्हणालास ना, वास आला तर मांड? मग हुंग. चुलीवरून ताजा काढलाय."

संदीप हसायला गेला, पण त्याच्यासोबत कोणी हसलं नाही. गल्लीतल्या बायका एकेक करून बाहेर आल्या होत्या.

"पूजा, वाच," निंबाने लेकीला सांगितलं.

पूजाने कागद मोठ्याने वाचला. आधी गुजरातीत, मग ज्यांना कळलं नाही त्यांना अहिराणीत. सर्दीनंतर कानात दडा, त्यामुळे चक्कर, चालताना झोक जाऊ शकतो.

"आते कोणाले हुंगानं शे त्यानी या," ज्योती म्हणाली. "लाजू नका. मी हुंगेल शे."

एक म्हातारी खरंच पुढे आली. निंबाच्या तोंडाशी नाक नेलं. सगळी गल्ली श्वास धरून. म्हातारी म्हणाली, "ओव्याना वास येस. आणि सकाळ्ले कांदा खायेल शे ह्या बाबानी."

मग असा हशा पिकला की संदीपची दोन माणसं बाकडं डोक्यावरून खाली न ठेवताच माघारी वळली. पण निंबा उठला नाही. संध्याकाळी पाचपर्यंत तिथंच बसला. दर तीन तासांनी वाफ, मध्ये आवंढे, मध्ये शेंगदाणे चघळणं. सोमवारी परत खुर्ची. मंगळवारी परत. लोक येता-जाता विचारायचे, "आप्पा, उघडला का?" तो म्हणायचा, "अर्धा."

सातव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मोठी जांभई आली आणि कानात खुट् झालं. एवढंसं. शेंग फुटावी तसं. आणि चार घरं पलीकडे भरतकामाचं मशीन चालत होतं ते त्याला ऐकू आलं. तो खुर्चीतून उठला, सावकाश, कुशीवरून उठल्यासारखा, आणि नुसता ऐकत उभा राहिला.

शुक्रवारी खात्यावर गेला. वळताना थोडी भोवळ होती, पण पाय जमिनीवर होते. ऑफिसात चेतनला कागद दिला. चेतनने वाचला, दोनदा वाचला. नवा चष्मा पुसला.

"ठीक छे, निंबाभाई. गैरसमज झाला. जा, कामाला लाग."

"असं नाही, मास्तर."

"मग कसं?"

"तू मला ऑफिसात दारुडा म्हणालास का? नाही. खात्यात म्हणालास. चाळीस माणसांपुढे. आणि तोंडाने नाही. हाताने. तर जिथं म्हणालास तिथं, ज्या भाषेत म्हणालास त्या भाषेत परत घे."

"डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलं होतं. आता थांबलंय."

चेतन खेकसला, मोबाइल उचलला, ठेवला. निंबा आपल्या बारा लूमपाशी गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. त्याचे लूम बंदच राहिले. शेजारून गोपाल बघत होता. त्या दिवशी सगळ्यांत आधी दात काढणाऱ्यांत तोही होता, हे निंबाला माहीत होतं, आणि निंबाला माहीत आहे हे गोपालला माहीत होतं. गोपालने खाली मान घातली, आपला पहिला लूम बंद केला. मग दुसरा. मग बाराही. त्याच्या पलीकडच्या ओडिया कारीगराने दोघांकडे पाहिलं आणि आपले थांबवले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आवाज एका कडेने विझत गेला. सव्वीस वर्षांत चालू पाळीत निंबाने तिथं कधी शांतता ऐकली नव्हती.

चेतन जिन्यावरून धावत उतरला. वीस पायऱ्या. त्या दिवशी ज्या उतरल्या नव्हत्या त्या.

"भाई, सॉरी! सॉरी बोललो ना! सगळे ऐकतात, बघ, सॉरी! चालू कर आता!"

शांत खात्यात त्याचा आवाज छतापर्यंत गेला. चाळीस जणांनी ऐकला. दुसरा कोणी असता तर तिथं मानला असता. निंबाने नकारार्थी मान हलवली. सावकाश, कारण झटक्याने हलवायची बंदी होती.

"आता नाही. तेव्हा लूम चालू होते. आधी लूम चालू होऊ देत."

त्याने स्वतःच खटका दाबला. गोपालने दाबला. आवाज परत एका कडेने पेटत गेला, भरला, आणि बोलणं संपलं. चेतन वाटेच्या मधोमध उभा. चाळीस माना त्याच्याकडे.

त्याने अंगठा तोंडाकडे नेला. मग हात आडवा हलवला: नाही. मग निंबाकडे बोट केलं, आपल्या कानाला हात लावला, बोट हवेत गोल फिरवलं. मग पुन्हा अंगठा, पुन्हा आडवा हात, या खेपेला जोरात. आणि शेवटी चष्मा काढून खिशात ठेवला आणि निंबाकडे बघून दोन्ही हात जोडले.

निंबाने तळहाताची बशी केली आणि ओठांपाशी नेली. चहा पाज.

खातं हसलं. ऐकू कोणाचंच आलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं.

कान पुरता उघडायला आणखी दहा दिवस गेले. आजही निंबा एकदम मागे वळत नाही. आधी पाय वळवतो, मग खांदा, मग मान. आणि लूमच्या लोखंडावर तळवा टेकवायची त्याची सवय सुटली नाही. कान परत आला, पण हाताला मिळालेलं त्याने सोडलं नाही. नवे कारीगर आता दोन्ही शिकतात. गल्लीच्या तोंडाशी ती प्लास्टिकची खुर्ची अजून आहे. कोणीही बसतं. बाकडं आलेलं नाही.

तेव्हा आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कोणी कामकरी माणूस तुमच्यासमोर झोकांडला, तर बोट उचलू नका. वीस पायऱ्या उतरा. आधी त्याला टेकायला जागा द्या, पाणी द्या आणि जवळ जाऊन विचारा, "काय होतंय, भाऊ?"